बाळ रडलं की आईच्या ताटाची झडती

‘तान्हं बाळ रोज संध्याकाळी रडतं म्हणजे पोटात वात धरलाय. आईने बटाटा, कोबी, हरभऱ्याची डाळ बंद करावी, बाळाला ग्राइप वॉटर किंवा गुटी द्यावी. दोन दिवसांत फरक.’ घरात बाळंतीण आली की हा मेसेज फॅमिली ग्रुपवर येतोच.

आधी वाताचं बघू. बाळ पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, लालबुंद होतं, पोट हाताला टणक लागतं, मध्येच वारा सरतो. झालं, पुरावा मिळाला! पण लस टोचल्यावर कळवळून रडणारं बाळही असंच दिसतं. रडताना ते हवा गिळतं, पोटाचे स्नायू ताठरतात. म्हणजे वात पुष्कळदा रडण्यामुळेच होतो.

आणि या रडण्याला वेळापत्रक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ते वाढतं, सहाव्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. महिनाभर आधी जन्मलेल्या बाळाचे हे सहा आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजावे लागतात. कोबीला ही तारीख कोण सांगतं? ‘दोन दिवसांत फरक’ही असाच: आठव्या आठवड्यात काहीही सुरू करा, गुण येतोच.

आईच्या खाण्याने होणारा वारा तिच्या आतड्यात होतो, तो दुधात उतरत नाही. वरच्या दुधावरची बाळंही तितकीच रडतात. काही थोड्या बाळांना आईच्या आहारातल्या गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, हे खरं. त्याचा निवाडा डॉक्टरांनी करायचा. गंमत अशी की बाळंतिणीला पेले भरभरून पाजलं जातं ते दूधच.

ग्राइप वॉटर 1851 साली इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने काढलं. त्यात शेपाचं तेल (आपला बाळंतशेपाच), सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल होतं. आता अल्कोहोल नसतं. गोड चव जिभेला लागली की बाळ घटकाभर गप्प होतं, एवढंच.

गुटीबद्दल मात्र मी हटून बसले. जायफळाचे दोन वेढे की चार, हे सहाणेवर मोजणार कोण? जायफळाने गुंगी येते, आणि गुंगलेलं बाळ म्हणजे बरं वाटलेलं बाळ नव्हे. मधाचं बोट तर वर्षाच्या आत नकोच, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने अंग लुळं पडण्याचा) धोका असतो. सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध.

मेसेजमध्ये नसलेलं सांगते. ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, फुगलेली टाळू, दूध न ओढणं, मलूल पडणं यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टर. आणि रडण्याने आपलंच डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जावं. बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आमच्याकडे चौदाव्या आठवड्यात एका संध्याकाळी रडणं आलंच नाही. हा काही पुरावा नव्हे, पण त्या दिवशी डब्यात कोबीची भाजी होती.