ऐंशी हर्ट्झची वेस

गाडीचा मूळचा डेक ऐन पावसाळ्यात कायमचा मुका झाला म्हणून मी केवळ एक साधा नवा डेक घ्यायला गेलो होतो, ही गोष्ट आरंभीच नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या घरात या प्रकरणाची जी बखर सांगितली जाते तिचे पहिलेच वाक्य ‘यांना ४८व्या वर्षी बफर बसवायची हौस आली’ असे आहे.

हौस मला नव्हती. ती कार डेकोरच्या दुकानातल्या, जेमतेम मिसरूड फुटलेल्या मुलाला होती. त्याने दाराचे पॅनेल उघडले, जुन्या स्पीकरच्या कागदी शंकूला टिचकी मारली, डॉक्टरने नातेवाइकांना खोलीबाहेर बोलवावे तसा चेहरा केला आणि म्हणाला, “काका, नवरदेवाला सूट आणि पायात स्लीपर? डेक नवा आणि स्पीकर हे?” ‘काका’ या शब्दाने मी आधीच खचलो होतो, त्यात स्लीपरची भर पडली. संध्याकाळपर्यंत गाडीच्या पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर, आरशांजवळच्या कोपऱ्यांत नाण्याएवढे दोन ट्विटर, म्हणजे अगदी वरच्या स्वरांचे स्पीकर, सीटखाली आवाजाला जोर देणारा अ‍ॅम्प आणि डिकीत दहा इंची वूफरचे खोके, म्हणजे सगळा महाराष्ट्र ज्याला प्रेमाने बफर म्हणतो ते, एवढे बिऱ्हाड येऊन राहिले होते. डिकीत आता बफरखेरीज फार तर एक नारळ मावतो.

मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे फुगवलेला ताळेबंद मला लांबून ओळखू येतो. डेकच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे ठसठशीत छापले होते आणि डेकच्या पाठीवर १० अँपिअरचा फ्यूज होता. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात, म्हणजे त्या फ्यूजमधून फार तर १४० वॅट आत येणार आणि स्पीकरमधून २०० वॅट बाहेर पडणार, असा तो व्यवहार होता. आमच्या शाखेत असे कर्जप्रकरण आले असते तर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले असते. खोक्याच्या बुडाशी, मुंगीने पाहिले तर तिला दिसेल अशा अक्षरांत, आरएमएस, म्हणजे सतत वाजवता येणारी शक्ती, २२ वॅट हा खरा आकडा होता. बफरच्या खोक्यावर तर १२०० वॅट होते. मी ते मुलाला दाखवले तेव्हा तो अत्यंत समजूतदारपणे म्हणाला, “काका, तो आकडा खोक्याचा असतो. वाजायचा वेगळा.”

पहिल्या फेरीला माझे सासरे पुढे बसले होते. नाना ७९ वर्षांचे आहेत आणि गेली पन्नास वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवतात. मी मोठ्या अभिमानाने एक अभंग लावला. नानांनी डोळे मिटले, दोन मिनिटांनी उघडले, मान वळवून मागच्या सीटकडे पाहिले, मग छताकडे पाहिले आणि विचारले, “जावईबापू, बुवा बसलेत कुठे? आणि डग्गेवाला आलाच नाही वाटतं?”

दुकानात परत गेलो. मुलाने बेस बूस्ट नावाची कळ शेवटपर्यंत फिरवली. आता डिकीतून धडाधड ऐकू येऊ लागले, पण डग्गेवाला काही आला नाही. आजार निराळाच होता. दोन दारांच्या स्पीकरपैकी एकाच्या वायरींची अधिक-उणे अदलाबदल झाली होती. त्यामुळे एका दाराचा शंकू बाहेर यायचा तेव्हा दुसऱ्याचा आत जायचा, एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घ्यायचा, आणि त्या दोघांच्या भांडणात खालचे स्वर मधल्यामध्ये मरायचे. तपासणी इतकी सोपी निघाली की मला माझीच लाज वाटली. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला, स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि त्यांची टोके क्षणभर सेलला लावली. उजवा शंकू ‘टप’ करून पुढे आला. तीच अधिकाची वायर धरून डावीकडे सेल लावला, तर तो शंकू गोगलगाईच्या शिंगासारखा आत गेला. वायरी उलटवल्यावर बुवा मागच्या सीटवरून उठून डॅशबोर्डवर येऊन बसले. घरातले घड्याळ मात्र दोन दिवस साडेचारच वाजवत होते, आणि त्याची नोंदही वर उल्लेखिलेल्या बखरीत आहे.

यानंतर फिल्टरचे पर्व सुरू झाले. डेकच्या मेनूत एचपीएफ आणि एलपीएफ, म्हणजे हाय पास आणि लो पास, अशा दोन ओळी होत्या आणि दोन्हींसमोर ‘ऑफ’ लिहिले होते. दुकानातल्या मुलाच्या मते हाय पास म्हणजे फर्स्ट क्लास आणि लो पास म्हणजे काठावर पास, त्यामुळे शहाण्या माणसाने लो पासला हात लावू नये. माझेही शिक्षण त्याहून फार पुढे गेले नव्हते. मग तीन रात्री जागून मी जे शिकलो ते सोपे होते. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे, ऐकू येते, आणि एवढा मोठा पसारा एकटा कुठलाच स्पीकर धड वाजवू शकत नाही. म्हणून हाय पास हा ठरावीक आकड्याच्या वरचे स्वर आत सोडतो, तर लो पास खालचे. ८० हर्ट्झला वेस घालायची, वेशीच्या वरचे दारातल्या स्पीकरांना आणि खालचे बफरला द्यायचे, आणि अगदी वरचे, चार-पाच हजारांपलीकडचे, ट्विटरसाठी राखायचे.

मला हे समजले ते पंगतीमुळे. लग्नात मीठ आणि लिंबाची फोड वाढायला आठ-नऊ वर्षांची पोर असते, भाज्या वाढायला काक्या-माम्या असतात, आणि वरणाची बादली घ्यायला दंडात जोर असलेला मामाच लागतो. स्वयंपाकघराच्या दारात एक खमकी आत्या उभी असते आणि कोणाच्या हातात काय द्यायचे ते ठरवते. स्वरांची ही वाटणी करणारा क्रॉसओव्हर म्हणजे ती आत्या. माझ्या गाडीत आत्याच नव्हती. सगळे जण सगळेच वाढत होते, मामा मीठ सांडत होता आणि मिठाच्या पोरीच्या हातात कढत वरणाची बादली होती.

त्याच मेनूत आणखी एक ओळ होती, ‘स्लोप: −१२ डीबी/ऑक्टेव्ह’. उतार कसला, हे मला उमगेना. नानांना विचारले.

“ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक हो,” नाना म्हणाले, “एका सापासून वरच्या सापर्यंत. आकडा दुप्पट होतो. ऐंशीच्या खालचं सप्तक चाळीसला. आणि हे डीबी?”

मी सांगितले की डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या जोराचे माप, आणि १२ डीबी कमी म्हणजे शक्ती जवळपास सोळाव्या हिश्शावर येते.

“म्हणजे आणा!” नाना खूश झाले. “ऐंशीला रुपया दिला तर चाळीसला एक आणा. सरळ सांगा की मग.”

२४ डीबीचा उतार ठेवला तर २५६वा हिस्सा उरतो, असे मी पुढे म्हणालो. नानांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि रुपयाच्या पै १९२ असतात, म्हणजे हे पैपेक्षाही कमी झाले, एवढी चिक्कू वेस नको, असा निर्णय दिला. दारांना बारावर ठेवले. बफरला मात्र त्यांनी चोवीसच ठेवायला लावले, कारण ‘त्याला गाण्यातलं कळत नाही’. डिजिटल ध्वनिशास्त्राचा याहून स्वच्छ धडा मला कुठल्याही व्हिडिओत मिळाला नाही, आणि नानांनी मध्ये एकदाही चॅनेल सबस्क्राइब करायला सांगितले नाही.

आठवडाभर गाडी देवघरासारखी वाजत होती. नंतर ती सर्व्हिसिंगला गेली. गॅरेजमध्ये कोणीतरी बॅटरीची वायर काढून परत लावली, डेकची स्मरणशक्ती गेली आणि दोन्ही ओळींसमोर पुन्हा ‘ऑफ’ आले. मला याची कल्पना नव्हती. गाडी घेतली, चालू केली, ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण लावले. उजव्या कोपऱ्यातून ‘फुस्स’ असा, दुधाची पिशवी फुटल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ इस्त्रीखाली नायलॉन सापडल्यासारखा वास आला आणि मिठाची पोर वरणाच्या बादलीसकट पडली.

ट्विटरच्या पाकिटात मुळात वाटीएवढी एक डबी होती, जिच्यात खालचे स्वर अडवणारे कॅपॅसिटर आणि कॉइल असतात आणि मेनू विसरला तरी जी आपले दार सोडत नाही. ती डबी दुकानातल्या मुलाने ‘डेकमध्ये सगळं आहे, हा कचरा कशाला’ म्हणून तिथल्या डब्यात टाकली होती. नवा ट्विटर घेतल्यावर मी निदान एक कॅपॅसिटर शोधायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. चार ओहमच्या ट्विटरला चार हजार हर्ट्झची वेस घालायला साधारण १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लागतो, आणि तो अधिक-उणे नसलेला, म्हणजे नॉन-पोलर, हवा. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, “पंख्याला का ट्विटरला?” मी ट्विटर म्हटल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारले, “उडाला का?” या प्रश्नात माझ्यासारख्या अनेकांचा इतिहास होता. मी दोन घेतले. एवढी मोठी यंत्रणा वाचवणारी ही वस्तू वडापावापेक्षा स्वस्त असावी, याचे मला फार वाईट वाटले.

खडखडाटाचे सांगितले पाहिजे. वेस बसली, बफर आपले काम नीट करू लागला आणि गाडीतली प्रत्येक सैल वस्तू कोरसमध्ये सामील झाली. कोण कुठल्या स्वराला बोलतो हे शोधण्यासाठी मी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काचा वर करून बसलो आणि फोनवरून एकेक शुद्ध स्वर सोडू लागलो. ४० हर्ट्झला काही ऐकू येत नव्हते, फक्त पोटात पाणी हलत होते. ५० ला सीटबेल्टचे बक्कल किणकिणले. ६३ ला डॅशबोर्डवरचा गणपती जागच्या जागी गिरकी घेऊ लागला, नंबरप्लेट ताशासारखी कडकडली आणि दाराच्या कप्प्यातून दोन रुपयांची तीन नाणी व जुन्या टोलच्या पावत्या बोलू लागल्या. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटर लांब असते आणि माझी गाडी कराच्या सवलतीपायी चार मीटरांच्या आत बसवलेली आहे. लाट आत मावतच नाही, तरी ऐकू येते, कारण बफर बंद गाडीतली सगळी हवाच कुकरसारखी दाबतो आणि सोडतो. म्हणून छोट्या गाडीत बफर डोक्यात जायला वेळ लागत नाही.

काचेवर टकटक झाली. सोसायटीचे चेअरमन पायजम्यात उभे होते. बाहेर गाणे ऐकू येत नाही, फक्त पत्र्यातून झिरपणारा खालचा स्वर येतो, त्यामुळे त्यांनी वीस मिनिटे पाण्याची मोटर बिघडली असे समजून वॉचमनला फैलावर घेतले होते. निवृत्त सरकारी अधिकारी असल्यामुळे त्यांनी मला ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांची आठवण करून दिली: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मी म्हणालो की मी गाणे लावलेलेच नाही. “मग काय लावलंय?” “त्रेसष्ट हर्ट्झ.” यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत पार्किंगमधील गैरप्रकार असा विषय होता. मी दारांच्या आत कंपन शोषणारे ब्यूटिल रबराचे पत्रे चिकटवले, नंबरप्लेटमागे फोम लावला, नाणी काढली. गणपतीला हात लावायची हिंमत झाली नाही, तो अजून ६३ ला नाचतो.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डासासारखी वर चढणारी ‘कुईं’ मी एका दुपारीत मिटवली, ती अ‍ॅम्पची अर्थिंग रंगावर स्क्रू मारून केल्यामुळे होती. पॉलिश पेपरने रंग घासून उघड्या पत्र्यावर जोडली आणि डास मेला.

शेवटची पायरी टाइम अलाइनमेंटची, म्हणजे सगळ्या स्पीकरांचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचवण्याची. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर त्याच्या कानाला जवळ आणि डावा दूर. बायकोच्या शिवणाच्या टेपने मी मोजले: उजवीकडे ८० सेंटिमीटर, डावीकडे १२५. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजव्याला १.३ मिलिसेकंद थांबवून ठेवायचे. मेनूत आकडा भरला आणि पहिल्यांदाच बुवा, तंबोरे, डग्गा, झांजा, सगळे जण स्टिअरिंगच्या नेमके समोर, आपापल्या जागी, मांडी घालून बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

बायको डाव्या सीटवर होती. ती म्हणाली, “शेजारच्यांकडे भजन चाललंय आणि आपल्याला बोलावलेलं नाही, असं वाटतंय मला.”

एका वेळी एकाच सीटचा हिशेब जुळतो, दुसरीचा तितकाच बिघडतो, हे मी तिला टेपसह समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, गाडी बाजूला घ्यायला सांगितली, खाली उतरून माझ्या बाजूला आली आणि दार उघडून म्हणाली, “सरक.” दहा मिनिटे तिने गाडी चालवली आणि अभंग संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग तोच पुन्हा लावला.

आता बहुतेक वेळा गाडी तीच चालवते. मी डावीकडे बसतो, माझा ट्विटर कानाशी सूं सूं करतो आणि पलीकडे तिच्या समोर बुवा फार सुंदर गात असावेत, असे तिच्या मानेवरून दिसते.