हंगामात गाडी कोण उभी करणार?

‘रिकॉलचं पावसाळ्यात बघू, आधी पेट्या वाशीला जाऊ देत.’ देवगड-रत्नागिरीकडे आंब्याची वाहतूक सुरू झाली की टेम्पोमालकांकडून हे ठरलेलं उत्तर येतं. (रिकॉल म्हणजे गाडीतला मूळचा दोष काढायला उत्पादकाने ती फुकट दुरुस्तीला परत बोलावणं.) त्याला जोडूनच दुसरं: अमेरिकेत भाड्याचे ट्रक कंपनीचे असतात, शंभर उभे केले तरी हजार पळतात, आमची एकच गाडी, तिच्यावर हप्ता, असले चोचले आम्हाला परवडत नाहीत. व्हॉट्सॲपवर याला भराभर अंगठे मिळतात. हप्त्याचा हिशेब खरा आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण करूळच्या नाहीतर आंबा घाटात जाणाऱ्या भरल्या गाडीच्या ब्रेकमधला दोष काढून घेणं, याला चोचले म्हणतात?

आणि घाई तुम्हालाच असते असंही नाही. मी राहतो त्या अमेरिकेत, इथे, भाड्याच्या ट्रकचा हंगाम मेमोरियल डेपासून (मेअखेर) लेबर डेपर्यंत (सप्टेंबरची सुरुवात). त्यातही महिनाअखेरीला यार्डात चाक शिल्लक नसतं. नेमका त्या आठवड्यात रिकॉल आला तर काय होतं ते बघा. दोष असल्याचं ठरलं की उत्पादकाला कामाच्या 5 दिवसांत फेडरल खात्याला कळवावं लागतं आणि त्यानंतर 60 दिवसांत मालकांना पत्रं जातात. भाडे कंपनीत ज्याच्याकडे हे काम असतं, तो उत्पादकाची व्हिन नंबरांची (म्हणजे चेसिस नंबरांची) यादी आपल्या ताफ्याच्या यादीशी जुळवतो आणि जुळलेल्या प्रत्येक गाडीवर सिस्टममध्ये होल्ड, म्हणजे भाड्याने देण्यावर बंदी, टाकतो. होल्ड पडला की काउंटरवर भाडेकरारच छापला जात नाही. सगळी गोम इथे आहे. काउंटरवरचा मुलगा किती प्रामाणिक, समोरचं गिऱ्हाईक किती ओरडतंय, याने काही फरक पडत नाही. किल्ली वेगळ्या कपाटात जाते, स्टीअरिंगला लाल टॅग लागतो. वन-वे गेलेला ट्रक तीन राज्यं ओलांडून भलत्याच यार्डात उतरला तरी तिथे होल्ड आधीच बसलेला असतो.

होल्ड उठतो तो कागदावर. डीलरच्या रिपेअर ऑर्डरवर व्हिन, कॅम्पेन नंबर (त्या रिकॉलचा क्रमांक), कोणतं काम केलं आणि तारीख हवी. ‘झालंय, घेऊन जा’ असा नुसता फोन आला तर समजावं की तपासणी झाली आहे आणि पार्ट अजून यायचा आहे. घोटाळे बहुतेक इथेच होतात. दुरुस्ती फुकट असते, पण बुडालेलं भाडं उत्पादकाने भरून द्यावं असं कायदा इथेही म्हणत नाही. हे गावाकडे कुणाला सांगितलं तर पटत नाही.

आता इथल्या आपल्या मराठी मंडळींकडे वळतो, कारण त्यांची ‘अमेरिकेत कायदा कसा कडक’ ही टेप तितकीच अर्धवट आहे. 2004 साली कॅलिफोर्नियात भाड्याच्या मोटारीत दोन सख्ख्या बहिणींचा जीव गेला. पॉवर स्टीअरिंगचं तेल गळून आग लागण्याचा दोष होता. रिकॉलचं पत्र भाडे कंपनीला मिळालं होतं, काम झालेलं नव्हतं. त्या बहिणींच्या नावाचा कायदा व्हायला डिसेंबर 2015 उजाडला आणि तो लागू झाला जून 2016 मध्ये. 35 पेक्षा जास्त गाड्या भाड्याने देणाऱ्याने पत्र मिळाल्यापासून 24 तासांत गाडी थांबवायची. ताफ्यातल्या 5,000 हून अधिक गाड्या त्या रिकॉलमध्ये असतील तर 48 तास. दुरुस्ती उपलब्ध नसेल आणि उत्पादकाने धोका टाळणारा तात्पुरता उपाय सांगितला असेल, तर तो करून गाडी देता येते. झकास. पण हा कायदा 10,000 पौंड, म्हणजे साधारण साडेचार टन एकूण वजनापर्यंतच्याच गाड्यांना लागू आहे. यार्डातली कार्गो व्हॅन त्याच्यात येते. तिच्या शेजारचा 26 फुटी ट्रक, जो 26,000 पौंडांपर्यंत साध्या लायसन्सवर कुणीही सोफा-फ्रिज भरून चालवू शकतो, तो येत नाही. तो थांबवायचा की नाही हे कंपनीच्या धोरणावर आणि तिच्या वकिलांच्या धास्तीवर.

मोठ्या ट्रकची आणखी एक भानगड आहे आणि ती कोकणाला जशीच्या तशी लागू पडते. चेसिस एकाची, मागचा बॉक्स दुसऱ्याचा, लिफ्टगेट (सामान चढवायचा मागचा वर-खाली होणारा फलाट) तिसऱ्याचं. व्हिन नंबर चेसिसचा. तो घालून शोधलं की चेसिसवाल्याचे रिकॉल दिसतात. लिफ्टगेटच्या बिजागरीचा किंवा वायरिंगचा रिकॉल तिथे दिसेलच असं नाही, कारण तो गेटच्या पट्टीवरच्या वेगळ्या सीरियल नंबरवर चालतो. गेट कधी बदललं असेल तर ताफ्याच्या नोंदीत जुनाच नंबर पडून राहतो. आपल्याकडे चेसिस शोरूमची आणि हौदा गावच्या बॉडी बिल्डरचा. मासळीच्या गाडीला वर थर्माकोल-पत्र्याची पेटी. बॉडी बांधताना ब्रेकच्या पाइपाजवळ वेल्डिंग केलं, वायरिंगचा जुडगा (हार्नेस) कापून मागच्या दिव्यांना जोड दिला, तर त्याचं पत्र कुठून येणार?

भारतात 2012 पासून उत्पादकांची स्वेच्छेची संहिता होती. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉल आला आणि एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. दंड 1 कोटीपर्यंत, पण तो उत्पादकाला. सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता. इथे अमेरिकेत फुकट दुरुस्तीची मुदत 15 वर्षं आहे. किनाऱ्यावर भाड्याने फिरणारे छोटा हत्ती, पिकअप नि आयशर यांच्यापैकी कितीतरी या सातच्या पलीकडचे. शिवाय गाडी तिसऱ्या हातात गेलेली असते आणि शोरूमच्या संगणकात पहिल्या मालकाचा मोबाइल नंबर असतो. पत्र सांगलीला पडतं, गाडी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बर्फ भरत असते.

आणि गंज. इथल्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून काही रिकॉल फक्त सॉल्ट बेल्टमधल्या नोंदणीच्या गाड्यांपुरते काढले जातात: ब्रेक लाइन, सबफ्रेम, इंधन टाकीचे पट्टे. कोकणात बारमाही खारा वारा आहे आणि मासळीच्या गाडीत वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी थेट चेसिसवर गळतं. पाट्यांचे शॅकल (पाटे चेसिसला जोडणाऱ्या कड्या), मागच्या ॲक्सलवरचा ब्रेक पाइप आणि त्याच्या क्लिपा आधी जातात. क्लिपखाली ओल धरते, पाइप तिथेच फुटतो. एमएच 07 आणि एमएच 08 च्या गाड्यांची गंजतपासणी वेगळी व्हावी, ही मागणी करायला एकही टेम्पो संघटना उठत नाही. दरवाढीला मात्र सगळे एका आवाजात.

मला हे बोलायचा अधिकार काय, असं विचारलं जातं. अधिकार नाही. इथल्या 26 फुटी ट्रकवर मी इतका चिडत नाही, हेही मान्य करतो. एक तर माझी चूल त्यावर पेटते. दुसरं, इथल्या हायवेवर माझं कुणी नाही. परशुराम घाटात टेम्पोच्या पुढे-मागे एसटीत बसलेली माणसं माझी आहेत. त्यांच्यासाठी मी मतदानही करत नाही, नुसता इथून उपदेश पाठवतो.

तरी सांगतोच. काम शिमग्याच्या आधी करायचं. आरसीवरचा 17 अक्षरी चेसिस नंबर घ्या (त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, म्हणून गोल दिसलं की ते शून्य) आणि फ्रेमवरचा नंबर वायर ब्रशने साफ करून ताडून बघा. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा: या चेसिसवर कोणतं कॅम्पेन बाकी आहे? त्याच वेळी स्वतःचा मोबाइल नंबर तिथे लावून घ्या. ब्रेक, स्टीअरिंग, चाकाचा हब, इंधनगळती, आगीचा धोका यांपैकी काही असेल तर काम होईपर्यंत एकही पेटी चढवायची नाही. स्टिकर चुकल्याचा रिकॉल असेल तर खुशाल वाशी गाठा. पार्ट नसेल तर तात्पुरता उपाय लेखी मागा आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डावर कॅम्पेन नंबर लिहून घ्या.

टेम्पोमालक हे आपणहून करणार नाही, कारण दिवस त्याचा बुडतो. इथेही यार्ड मॅनेजर आपणहून करत नाही. करार छापला जात नाही म्हणून करतो. आपल्याकडे तो करार बागायतदाराच्या हातात आहे. दोनशे पेट्या ज्याच्या, त्याने भाडं ठरवतानाच जॉबकार्डाचा फोटो मागवावा आणि त्यावरचा चेसिस नंबर अंगणात उभ्या गाडीशी जुळवावा. आणि गाडी कामाला उभी राहिली तर त्या दिवसाचं अर्धं भाडं बागायतदारांनी मिळून द्यावं. पेटीमागे काढलं तर चहाचेही पैसे होत नाहीत.