काटा दोन स्टेशनांच्या मधे

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठी परत एकदा मरतेय. दर दोनतीन महिन्यांनी मरते. 2023 मधे पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायची ऑर्डर निघाली तेव्हा मेली होती (ती ऑर्डर नंतर स्थगित झाली), 2025 मधे पहिलीपासून हिंदीचा जीआर आला तेव्हा तर रोजच, आणि जीआर मागे घेतल्यावर भांडायला काही उरलं नाही म्हणून आता इंग्रजी शब्दांची पाळी. एका मित्राने यादीच टाकली. ट्यूनिंग, फ्रिक्वेन्सी, सिग्नल, वेव्हलेंथ, ग्रुपवर जो कोणी हे वापरेल त्याने गेट-टुगेदरच्या फंडात दहा रुपये टाकायचे. मी इथून विचारलं पौंडात घेणार का, कोणी हसलं नाही.

पण यादी बघून मला वेगळंच सुचलं, की हे सगळे रेडिओचे शब्द आहेत, आणि मी राहतो क्रॉयडनला, लंडनच्या दक्षिणेला, म्हणजे या प्रकारच्या एका शब्दाच्या जन्मगावीच. इथे पूर्वी लंडनचा मुख्य विमानतळ होता, 1959 ला बंद पडला, टर्मिनलची बिल्डिंग पर्ले वे वर अजून उभी आहे, आम्ही सामान आणायला जातो त्या रस्त्यावर. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांना सांगितलं गेलं की संकटात बोलायला एक शब्द शोधा, कारण त्या काळच्या रेडिओवर एसओएस मधला 'एस' नीट ऐकूच येत नव्हता. बरीच विमानं पॅरिसला जायची यायची, म्हणून त्यांनी 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा उच्चार उचलला आणि इंग्रजी स्पेलिंगमधे बसवला, मेडे. 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेत तो जगभर मान्य झाला. आता ऑफिसात प्रिंटरमधे कागद अडकला तरी कोणीतरी 'मेडे मेडे' करतं. (गावात मेडे नावाचं हॉस्पिटलही होतं, 2010 ला नाव बदललं, पण ते मेडे रोडवरून होतं, आणि रस्त्याचं नाव या हाकेपेक्षा जुनं आहे. मला पहिली दोन वर्षं वाटायचं काय हे गाव, हॉस्पिटलचं नाव वाचवा वाचवा.)

म्हणजे इंग्रजांनी फ्रेंच शब्द घेतला, तोडला मोडला, आणि कोणी दहा पेन्स दंड लावला नाही. ब्रॉडकास्ट घ्या. मुळात शेतातला शब्द आहे, हाताने बी चौफेर फेकत जायचं, आपल्याकडे भाताचं रोप करताना वाफ्यात बी फोकतात तसं. रेडिओ आल्यावर तोच शब्द आवाजाला लावला आणि आज शेतकऱ्याची आठवणही कोणाला येत नाही. रॉजर तर अजून गमतीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी अक्षरमालेत 'आर'ला रॉजर म्हणायचे, आर म्हणजे रिसीव्ह्ड, मिळालं. 1956 ला नवीन अक्षरमाला आली, रॉजरच्या जागी रोमिओ आला, पण लोक 'रॉजर दॅट'च म्हणत राहिले. बरंच झालं, बॉसला मेलमधे 'रोमिओ दॅट' लिहिणं अवघड गेलं असतं.

आणि सगळे लाडाने म्हणतात ते 'ओव्हर अँड आऊट', त्याला तर काही अर्थच नाही. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. आऊट म्हणजे संपलं, मी काही ऐकणार नाही. दोन्ही एकत्र म्हणजे 'हां बोल बोल' म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. खऱ्या ऑपरेटरच्या दृष्टीने ही चूकच, पण भाषेत ती रुळली.

मला सगळ्यात आवडतो तो मात्र 'रेडिओ सायलेन्स'. ऑफिसात क्लायंटने तीन मेलना उत्तर दिलं नाही की आमची मॅनेजर म्हणते, रेडिओ सायलेन्स. लष्करातला अर्थ माहीतच असेल, शत्रूला पत्ता लागू नये म्हणून आपण गप्प बसायचं, 1941 ला पर्ल हार्बरवर निघालेलं जपानी आरमार असंच गप्प होतं. पण जहाजांवर अजून एक शांतता असायची. इथे रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथे एकदा जहाजाच्या रेडिओ रूममधलं घड्याळ बघितलं, पितळी, जड, आणि तबकडीवर पाचरीसारखे रंगवलेले पट्टे. 15 ते 18 आणि 45 ते 48 मिनिटांवर लाल, तास आणि अर्ध्या तासापासून पुढे तीनतीन मिनिटं हिरवे. लाल पट्टे मोर्सच्या, म्हणजे टिंब-रेघांच्या संदेशांच्या फ्रिक्वेन्सीसाठी, हिरवे बोलायच्या. काटा त्या पट्ट्यात आला की त्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्या जहाजांनी आपापली बडबड थांबवायची आणि नुसतं ऐकायचं, कोणी लांब कुठे बुडत असेल तर त्याचा बारीक आवाज ऐकू यावा म्हणून. घड्याळवाला साठ पौंड म्हणत होता, घेतलं नाही, अजून हळहळ वाटते. तर गप्प बसणं म्हणजे तेव्हा दुसऱ्याचं ऐकणं होतं, आणि आता त्याच शब्दाचा अर्थ काय, तर समोरचा आपल्याला विचारत नाही.

आता आपलं बघू. ट्यूनिंगवर दंड लावणाऱ्या मित्राला मी लिहिलं की बाबा, मी हा शब्द इथे वापरून बघितलाय. ऑफिसातल्या दोघांचं छान जमतं म्हणून मी कौतुकाने म्हणालो, तुम्हा दोघांचं ट्यूनिंग मस्त आहे, तर तो गोरा मला विचारतो, कसलं, गिटारचं? आपण जोडप्याबद्दल, ओपनिंग बॅट्समनबद्दल, तबलजी आणि गायिकेबद्दल जे ट्यूनिंग म्हणतो ते इंग्रजी नाहीच. त्यात 'सूर जुळले', 'तारा जुळल्या' आधीपासून होतं, त्याच्यावर रेडिओचा काटा येऊन बसला आणि शब्द आपला झाला. दहा रुपये कोणाला द्यायचे मग?

आकाशवाणी तर उलटी फिरून आलीय. कंसाला झाली ती पहिली, देवकीचा आठवा तुला मारणार. मग 1930 च्या दशकात म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या खाजगी रेडिओ केंद्राला ते नाव दिलं, पुढे सरकारनेही घेतलं. 2023 ला ऑल इंडिया रेडिओ नको, फक्त आकाशवाणी म्हणा असं ठरलं तेव्हा तामिळनाडूतून विरोध झाला, आणि आमच्या ग्रुपवर दोन्ही बाजूंनी भरपूर फॉरवर्ड आले. पण कचेरीत साहेबाने तोंडी हुकूम सोडला की कारकून 'वरून आकाशवाणी झाली' म्हणतो ना, तो कोणाला विचारून म्हणत नाही.

मित्राचं दुखणं खोटं आहे असं नाही. लांब बसून उदार व्हायला माझं काय जातं. माझी मुलगी 'आजी कॉल करणारे का इन द इव्हनिंग' म्हणते तेव्हा मलाही टोचतं, पण तिथे मोडलाय तो वाक्याचा कणा, 'कॉल' हा शब्द राहू दे की. यादीने ते कसं सुधारणार.

आमच्या घरी एक बोलणं आहे. आजोबा ऐकत नसले की आजी म्हणायची, यांचा काटा दोन स्टेशनांच्या मधे. तेव्हा खोलीभर जाळीची एरियल ताणलेली असायची आणि विविध भारती लावताना खरखर सुरू झाली की आजी रेडिओच्या कुशीत एक चापट मारायची. ते वाक्य आईकडे आलं, माझ्याकडे आलं. परवा व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा तोंड उघडं ठेवून अडकला तर मुलगी ओरडली, बाबा, आजीचा काटा दोन स्टेशनांच्या मधे! मी खूश. मग सहज विचारलं, स्टेशन म्हणजे काय गं? म्हणाली, ईस्ट क्रॉयडन आणि नॉरवुड जंक्शन, ट्रेन मधेच थांबते ना तसं.