चक्क्याचं पाणी मोरीत ओतू नका

पाडवा जवळ आला की नाशकात, जुन्या गावठाणापासून सिडकोपर्यंत, घरोघरी दह्याच्या पुरचुंड्या टांगल्या जातात. सोबत एक ठाम समजूतही असते: चक्का म्हणजे दुधाचा अर्क, तेव्हा कॅल्शियम भरपूर. प्रथिनांपुरतं हे खरं आहे. कॅल्शियमचा हिशेब मात्र उलटा लागतो.

गायीच्या 100 मिली दुधात साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हशीच्या त्याहून जास्त. त्यातलं सुमारे दोन तृतीयांश केसीन या प्रथिनाच्या कणांत, फॉस्फेटशी बांधलेलं असतं. दूध आंबत गेलं की ते बंध सुटतात आणि दही घट्ट लागेपर्यंत बहुतेक कॅल्शियम पाण्यात उतरलेलं असतं. दही तसंच खाल्लं तर काहीच बिघडत नाही, सगळं पोटातच जातं. पण फडक्यात बांधलं की निम्म्याहून जास्त कॅल्शियम खालच्या पातेल्यात गळतं. पुरचुंडी फ्रिजमध्ये टांगल्याने चक्का आंबट होत नाही, एवढाच फायदा. कॅल्शियम त्याआधीच, दही लागतानाच सुटलेलं असतं.

पनीरचं तसं नाही. तिथे दूध गरम असताना आणि दह्याइतकं आंबट व्हायच्या आतच फाटतं, त्यामुळे निम्म्याहून अधिक कॅल्शियम आत राहतं. फक्त लिंबू बदाबदा पिळू नका. उकळलेलं दूध खाली उतरवून दोन-तीन मिनिटं थांबा. लिटरला दोन मोठे चमचे रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला आणि पाणी हिरवट, नितळ दिसलं की हात आवरा. त्यापुढच्या रसाने पनीर भुसभुशीत होतं आणि कॅल्शियमही जास्त सुटतं.

साय काढल्याने दुधातलं कॅल्शियम कमी होत नाही. तुपात ते जवळपास नसतंच, त्यामुळे ‘हाडांसाठी तूप खा’ हा सल्ला निदान कॅल्शियमच्या नावावर तरी देऊ नये. एका वाटी दह्यात तीन वाट्या पाणी घातलेल्या ताकात दह्याच्या पाव हिश्शाएवढंच उरतं. पेलाभर ताक पिऊन दिवसाची गरज भागत नाही.

तर चक्क्याच्या पाण्याचं काय करायचं? बेसन लावून कढी करा, थालीपिठाची भाजणी भिजवा. सगळ्यात उत्तम म्हणजे ते गरम करून नाचणीच्या भाकरीची उकड काढा. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या नाचणीत मुळातच 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. डाळीत घालायचं तर डाळ शिजल्यावरच. आधी घातलं तर आंबटपणा आणि कॅल्शियम दोन्हींमुळे ती कडक राहते. हे पाणी फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर मात्र हे पाणी नको, कारण दुधातलं पोटॅशियमही त्यात उतरतं. आणि लोहाची गोळी दुधासोबत घेऊ नका. दुधात लोह नाममात्र असतं, वर त्यातलं कॅल्शियम गोळीतलं लोह शोषू देत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा.