क्ष-किरण तंत्रज्ञाच्या शिक्षणाविषयी खुलासा

'क्ष-किरण तंत्रज्ञाचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना पुढे मूल होत नाही आणि यंत्र बंद केल्यावरही खोलीत किरण साचून राहतात', असा मजकूर सध्या कोल्हापूर परिसरातील पालकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. एक्स-रे नळीचा विद्युतपुरवठा थांबताच किरणांची निर्मिती त्याच क्षणी थांबते. साचण्यासारखे मागे काही उरत नाही. एमआरआय आणि सोनोग्राफीत तर हे किरण वापरलेच जात नाहीत.

किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. म्हणूनच अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगारांसाठी सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक), तर १६ वर्षांवरील प्रशिक्षणार्थींसाठी वर्षाला केवळ ६ मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली असून, शिशाच्या ॲप्रनखाली छातीवर लावलेल्या टीएलडी बॅजवरून (किरणोत्सर्गाची नोंद ठेवणाऱ्या बिल्ल्यावरून) प्रत्यक्ष मात्रा मोजली जाते. गर्भवती कर्मचाऱ्याने कळवल्यानंतर गर्भाला उर्वरित काळात १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये, असाही नियम आहे. पालकांना चौकशी करायचीच असेल (आणि ती जरूर करावी), तर प्रात्यक्षिकाच्या वेळी विद्यार्थ्यांना स्वतंत्र बॅज मिळतो का, हे प्रवेशापूर्वी संस्थेला विचारावे.