प्रतिकारशक्ती म्हणजे कणगीतलं धान्य नव्हे

गेल्या दोन-अडीच महिन्यांत एकच मेसेज मला चार गटांतून आला. पहिल्यांदा खानापूरच्या भाचीनं पाठवला. मग इथं बेळगावात, टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गटात तो उगवला. एकेकाळी जिथं देवीची लस तयार व्हायची, त्याच झाडांखालून चालताना लोक लसीविरुद्धचा मेसेज पुढं ढकलतात. असो.

मेसेज बीसीजीबद्दल, म्हणजे क्षयापासून (टीबीपासून) वाचवायला बाळाला टोचतात त्या लसीबद्दल. सारांश असा: "बाळ जन्मल्याबरोबर बीसीजीचे जिवंत जंतू टोचतात. त्यांच्याशी लढण्यात बाळाची सगळी प्रतिकारशक्ती खर्च होते, म्हणून हल्लीची पोरं सारखी आजारी. अमेरिकेनं ही लस बंद केली. जर्मनीत लसीनं बाळं मेली. दंडात पू होतो तो विषाचा पुरावा. एवढं करून टीबी व्हायचा तो होतोच. म्हणून सहा महिने थांबा, बाळाला मजबूत होऊ द्या."

भाचीचं बाळ जन्मलं तेव्हा दोन किलोच्या आत होतं, त्यामुळं लस मागं राहिली होती. तिनं विचारलं, "आत्ती, टोचून घ्यायचं की नको वो?" मी डॉक्टर नाही, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं एवढंच. पण प्रश्न माझ्या विषयातला होता. आणि तिच्या हातातलं तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड, कन्नडमध्ये, ती शिकलेली मराठी शाळेत. मराठीत आलेली थाप अशा वेळी मराठीत न आलेल्या माहितीला भारी पडते.

सगळा मेसेज ज्या मेढीभोवती फिरतो ते वाक्य आधी घेते: "सगळी प्रतिकारशक्ती खर्च होते." यामागचं चित्र असं की बाळ कणगीभर ताकद घेऊन जन्मतं आणि दर लसीला त्यातली पायलीभर उपसली जाते. चित्र पटतं, कारण घरातलं धान्य तसंच संपतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र हाडांच्या मगजात रोज नव्यानं, कोट्यवधींच्या संख्येनं तयार होतात. शिवाय बाळ बाहेर आल्याच्या पहिल्या तासापासून त्याच्या कातडीवर, तोंडात, आतड्यात जंतूंची वस्ती सुरू होते. आईच्या पदराचे, आजीच्या बोटाचे, पाळण्याच्या दोरीचे जंतू. त्यापुढं बीसीजीचा डोस केवढा? महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, डाव्या दंडाच्या कातडीत. जंतू जिवंत आहेत हे खरं, पण ते क्षयाचे मूळ जंतू नव्हेत. गाईगुरांच्या क्षयाचा जंतू काल्मेट आणि गेराँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून १३ वर्षं पित्त घातलेल्या बटाट्यावर २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवला, तेव्हा त्याची रोग करण्याची धार गेली. बीसीजीतली सी आणि जी ही अक्षरं त्या दोघांची.

आता खरी गंमत. या लसीचा क्षयाव्यतिरिक्त बाळाच्या प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो का? होतो. तेवढं मेसेजवाल्याला कुठून तरी कळलंय. फक्त तो त्यानं उलटा करून सांगितलाय.

आपल्या संरक्षणात दोन प्रकारचे गडी असतात. एक, प्रत्येक जंतूला नावानिशी ओळखून ठेवणारे. दुसरे, दारात जो येईल त्याच्यावर तुटून पडणारे. या दुसऱ्यांना आठवण नसते, असं मी स्वतः वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. ते पुसावं लागलं. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या मिहाई नेतेआ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'ट्रेन्ड इम्युनिटी' ही कल्पना मांडली. आपल्याकडं तिला तालमीत गेलेली प्रतिकारशक्ती म्हणता येईल. बीसीजीच्या जंतूच्या भिंतीचे तुकडे मोनोसाइट नावाच्या, या दुसऱ्या प्रकारातल्या पेशीतलं नॉड-२ हे जंतू हेरणारं प्रथिन ओळखतं, आणि त्या पेशीतला डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक खुणा पडतात. काही जनुकं मग कडी न लावलेल्या दारासारखी राहतात. पुढं भलताच जंतू आला तरी ती पटकन उघडतात, प्रतिसाद जोरात येतो. बीसीजी घेतलेल्या प्रौढांच्या रक्तातल्या पेशी तीन महिन्यांनीही कँडिडा ही बुरशी आणि स्टॅफिलोकॉकस हा जंतू यांना जास्त जोमानं उत्तर देत होत्या, असं २०१२ मध्ये दिसलं. मोनोसाइट तर थोड्याच दिवसांत मरते, मग आठवण टिकते कुठं? हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींत. म्हणजे नव्या पेशी तयार होतात त्याच तालमीतून आल्यासारख्या. तालमीत घाम गाळणाऱ्या पोराची ताकद खर्च होते, असं बेळगावात तरी कुणी म्हणणार नाही.

ही झाली पेशींची गोष्ट. बाळांचं काय? पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत पीटर आबी आणि त्यांचे सहकारी १९७८ पासून मुलांच्या नोंदी ठेवत आलेत. तिथं अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना बीसीजी उशिरा देण्याची पद्धत होती. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काहींना जन्मताच दिली, काहींना नेहमीप्रमाणे उशिरा. अशा तीन चाचण्या एकत्र केल्या तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू लवकर लस मिळालेल्यांत ३८ टक्क्यांनी कमी निघाले. एवढ्याशा वयात क्षयानं मृत्यू सहसा येत नाही. वाचली ती बाळं मुख्यतः जंतुदोष आणि न्यूमोनिया यांच्यापासून. युगांडातही जन्मताच लस मिळालेल्या बाळांना पहिल्या सहा आठवड्यांत क्षयाव्यतिरिक्तचे संसर्ग कमी झाले. खर्च होऊन रिकामी झालेली कणगी असती तर आकडे उलटे आले असते.

इथं दुसऱ्या बाजूच्या फॉरवर्डवाल्यांनाही थांबवते. डेन्मार्कमध्ये चार हजारांवर बाळांवर तसाच प्रयोग झाला. दवाखान्यात भरती होण्याच्या प्रमाणात काही फरक पडला नाही. आपल्या भारतात दोन किलोच्या आतल्या बाळांना बीसीजीचा रशियन वाण देऊन पाहिला, तिथंही मृत्यू कमी झाले नाहीत. लसीचा वाण कोणता, आजूबाजूला संसर्ग किती, बाळ कुठल्या देशात जन्मलं, यावर हा जादा फायदा हलतो असं दिसतं. तेव्हा 'बीसीजी घेतली की बाळ सर्दी-तापापासून सुटलं' असंही कुणी सांगू नये. २०२० साली 'बीसीजीवाल्यांना कोरोना होत नाही' म्हणून टाळ्या पिटल्या होत्या, आठवतंय ना? पाच देशांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर पद्धतशीर चाचणी झाली. उपयोग दिसला नाही.

तरीही एक गोष्ट या सगळ्या चाचण्यांत समान आहे. लस घेतलेली बाळं न घेतलेल्यांपेक्षा दुबळी निघाली, असं यांतल्या एकीतही दिसलं नाही. मेसेजचा दावा नेमका तोच होता.

अमेरिकेचं वाक्य दोन ओळींत संपतं. अमेरिकेनं बीसीजी सरसकट कधी सुरूच केली नाही, मग बंद कुठली करणार? ब्रिटननं २००५ मध्ये शाळकरी मुलांना सरसकट देणं थांबवलं, पण जास्त धोका असलेल्या घरांतल्या बाळांना देणं चालू ठेवलं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात असताना आपण कुठल्या यादीत बसतो हे वेगळं सांगायला नको.

जर्मनीचं मात्र खरं आहे, म्हणूनच ते अर्धवट सांगणं जास्त वाईट. १९३० मध्ये ल्यूबेक शहरात बीसीजी म्हणून तोंडावाटे दिलेल्या औषधात तिथल्या प्रयोगशाळेतच क्षयाचा खरा, मारक जंतू मिसळला गेला होता. सत्तरांहून जास्त बाळं दगावली. चौकशी झाली, खटला चालला, शिक्षा झाल्या. दोष त्या प्रयोगशाळेतल्या हलगर्जीपणाचा ठरला, बीसीजीच्या जंतूचा नव्हे. दुधात कुणी विष कालवलं म्हणून म्हशीला दोष देत नाहीत.

जिवंत लस असल्यामुळं एक पथ्य खरंच आहे. जन्मतः प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष असलेल्या किंवा एचआयव्हीची लक्षणं दिसणाऱ्या बाळाला ती देत नाहीत. घरात आधीचं बाळ अशा आजारानं गेलं असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगावं. मेसेजमध्ये हे एकच वाक्य उपयोगाचं ठरलं असतं, ते नेमकं नाही.

"टीबी होतोच." मोठेपणी फुप्फुसाचा होऊ शकतो, होय. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर चाचणी झाली आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लसीनं संरक्षण दिलं नाही. सरकारी संशोधकांनीच हे छापून सांगितलं, लपवलं नाही. पण तान्ह्या बाळाला ही लस देतात ती मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयासाठी. तिथं ती साधारण चारांतल्या तीन मुलांना वाचवते. निपाणीकडं एकाच खोलीत तंबाखूची टोपली, आजोबांचा खोकला आणि पाळणा असलेली घरं मी पाहिलीत. मेंदूचा क्षय झालेलं मूल वाचलं तरी पुष्कळदा ऐकू येणं, चालणं, बोलणं यांतलं काहीतरी गमावून बसतं. हा आजार सर्वांत जास्त तान्ह्यांना गाठतो, आणि मेसेज सांगतो सहा महिने थांबा. शिवाय 'बाळाचं शरीर अजून कच्चं आहे' हेही या लसीबाबत खरं नाही. गांबियात जन्मताच बीसीजी दिलेल्या बाळांच्या पेशींनी तिला जोरकस प्रतिसाद दिला होता.

राहिला पू. दोन-तीन आठवड्यांनी बारीक गाठ, मग फोड, थोडा पू, खपली आणि शेवटी तो ओळखीचा वण, हा या लसीचा ठरलेला प्रवास आहे. पेशी कामाला लागल्याची ती खूण. क्वचित बगलेत गाठ येते, ती मोठी झाली किंवा वाहू लागली तर दाखवावी. वण उठलाच नाही तरी पुन्हा टोचायची गरज नसते.

भाचीनं टोचून घेतलं. महिना उलटून गेला होता, म्हणून डोस ०.१ मिली. कार्डावर नोंद झाली, तेव्हा मी तिला त्यावरचे दोन कन्नड शब्द वाचून दाखवले, 'क्षय' आणि 'लसिके'. "हे तर आपलंच की!" म्हणाली. परवा तिचा फोन आला.

"आत्ती, पू यायलाय. सासूबाई हळद लावू म्हणायल्यात."

"काही लावू नकोस. आंघोळ घाल, टिपून कोरडं कर, झबलं सैल घाल."

"आणि मेसेज?"

"कुठला?"

"सासूबाईंनीच पाठवलेला वो मला."