कोल्ह्याचे सात रामबाण उपाय आणि माझ्या अकरा कोंबड्या

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. माहेरच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर, एका भाच्याने आणि शेवटी आमच्या दूधवाल्यानेसुद्धा, कारण आमच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात हे अख्ख्या वाडीला माहितीय. "कोल्ह्यापासून कोंबड्या वाचवण्याचे ७ रामबाण उपाय, १०० टक्के खात्री, पुढे पाठवा." आणि वर फोटो, बर्फात उभा असलेला लालभडक, झुपकेदार शेपटीचा एक देखणा प्राणी.

आम्ही कोकणात, लांज्याच्या बाजूला राहतो. घरामागे आंबा-काजू, त्याच्या खाली पऱ्या, म्हणजे ओढा, पलीकडे रान. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये बघितलाय.

तर आधी त्या फोटोचंच घेते. तो आपला कोल्हा नाहीच. तो तांबडा खोकड म्हणा हवं तर, इंग्रजीतला रेड फॉक्स, युरोपात असतो, आपल्या देशात हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागात असतो, महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे माळरानावर, सोलापूर-सासवडकडे जे खोकड दिसतं ते वेगळं, एवढंसं, जेमतेम अडीच-तीन किलोचं, शेपटीचं टोक काळं (फोटोतल्याचं पांढरं आहे, झूम करून बघा) आणि ते पोट भरतं किडे, उंदीर, सरडे, बोरं यांच्यावर. माझा गिरीराज जातीचा कोंबडा वजनाला त्याच्या बरोबरीचा आहे, कोण कोणाला उचलेल सांगता येत नाही. आणि कोकणात आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो आठ-दहा किलोचा, कुत्र्यासारखा, मळकट पिवळा, संध्याकाळी कोल्हेकुई करणारा. कोणीतरी परदेशातला लेख उचलला, त्यातल्या प्राण्याला 'कोल्हा' नाव दिलं आणि दिला सोडून. शाळेत द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा पण असाच तिकडून आलेला, आपला अस्सल तो काकडीला राजी होणारा, आणि ती म्हण खोटी नाही बरं का, काकड्या, बोरं, करवंदं, जांभळं, उंदीर, मेलेली ढोरं, त्याला सगळं चालतं. शेतातले उंदीर खातो हे त्याचं काम कोणी मोजत नाही.

आता मेसेजमधला मुद्दा पहिला: "कोल्हा हाच कोंबड्यांचा मुख्य शत्रू, त्याचा बंदोबस्त केला की काम झालं."

गेल्या दीड वर्षात माझ्या अकरा मोठ्या कोंबड्या गेल्या. पिल्लं धरलेली नाहीत, पिल्लांचा हिशोब ठेवला तर रडू येईल. त्यातल्या कोल्ह्याने नेलेल्या दोन, एक मी स्वतः बघितली आणि एक शेजारच्या काकूंनी. पाच गेल्या एकाच रात्री, ती कुत्र्यांची करामत, त्यावर पुढे बोलते. दोन मुंगसाने मारल्या, एक रानमांजराने, आणि एक कुठे गेली ते कळलंच नाही, सासूबाईंच्या मते ती कोणाच्या तरी वड्यांबरोबर गेली.

म्हणजे अकरातल्या दोन. प्रत्येकाकडे हाच हिशोब असेल असं नाही, पण आधी चोर कोण ते बघा आणि मग उपाय करा एवढंच माझं म्हणणं. आणि बघता येतं. कोल्हा बहुतेक वेळा कोंबडी उचलून घेऊन जातो, मागे पिसांचा एक पुंजका आणि पऱ्याच्या दिशेने गळत गेलेली दोन-चार पिसं. मुंगूस मानेला-डोक्याला चावतं, मोठी कोंबडी त्याला ओढत नेता येत नाही म्हणून ती तिथेच पडलेली असते, आणि अंडी फुटलेली. टरफलासकट अंडं गायब असेल तर साप किंवा घोरपड बघा. पिल्लू भरदिवसा अंगणातून गेलं आणि एक पीससुद्धा मागे नाही तर मान वर करा, घार किंवा शिक्रा. सगळं अंगण पिसांनी भरलंय, कोंबड्या फाडून टाकल्यात पण खाल्ल्या नाहीत, तर कुत्री. अजून एक साधी गोष्ट, खुराड्याच्या दारासमोर रात्री चुलीतली राख चाळून पसरा, सकाळी पावलं मिळतात. मांजराच्या पावलात नखं उमटत नाहीत, कोल्ह्याच्या आणि कुत्र्याच्या पावलात उमटतात. कोल्हा की कुत्रा हे मला अजूनही नुसत्या पावलावरून नीट ओळखता येत नाही, खोटं कशाला बोलू.

मुद्दा दुसरा: "कोल्हा फक्त रात्री येतो, दिवसा बिनधास्त सोडा."

मी बघितलेली चोरी सकाळी सव्वासहाची आहे. मी चूल पेटवत होते, कोंबड्या नुकत्या सोडलेल्या, आणि काजूच्या खालून तो आला, घाई नाही काही नाही, एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, उचलली आणि गेला. मी "अरे अरे" करत पळेस्तोवर पऱ्या पार. कोल्ह्याची खरी वेळ झुंजुमुंजू आणि तिन्हीसांज, रात्रभर पण फिरतो, आणि उन्हाळ्यात पिल्लं असली की दिवसाढवळ्या पण धाडस करतो. मुंगूस आणि घार तर दिवसाचेच.

त्यामुळे आता मी साडेसात-आठच्या आधी दार उघडत नाही. आत ओरडू देत. आणि संध्याकाळी सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी खुराड्याच्या आत तांदळाच्या कण्या टाकते, डबा वाजवते, सगळ्या पळत येतात, मोजते, कडी लावते. हे रोज, त्याच वेळी, त्याच डब्याने. डिसेंबरात सहा-सव्वासहालाच सूर्य बुडतो, पावसाळ्याच्या तोंडावर सात वाजून जातात, म्हणजे घड्याळ बघून नाही तर उजेड बघून. लोक घड्याळात सात ठरवतात आणि थंडीत कोंबड्या गेल्या की कोल्ह्याला शिव्या घालतात.

दिवसासाठी आणखी एक. कोंबडा ठेवा, एक तरी. वरून येणाऱ्या धोक्याला तो वेगळा आवाज काढतो आणि जमिनीवरच्या धोक्याला वेगळा, थोडे दिवस ऐकलंत की स्वयंपाकघरात बसून कळतं घार आहे की मुंगूस. आणि अंगण अगदी चकाचक करू नका, करवंदीची एखादी जाळी, खाली वाकलेली चिकूची फांदी राहू द्या, घार आली की कोंबड्या तिथेच घुसतात. मात्र खुराड्याच्या भोवती दहा-पंधरा फूट गवत बारीक ठेवा, तिथे लपून बसणाऱ्याचा फायदा होतो.

मुद्दा तिसरा, केस कापण्याच्या दुकानातून केस आणून टाका, कुंपणाला माणसाची लघवी शिंपडा, लाल बल्ब लावा. केसांचं पोतं मी आणलं नाही, लाल बल्ब लावला होता. तीन-चार रात्री आवाज नाही, पाचव्या रात्री राखेत पावलं, बल्बच्या बरोब्बर खाली. जो कोल्हा मुंबईत खारफुटीत राहून बाजूच्या वस्तीचा उकिरडा हुंगतो त्याला माणसाच्या वासाचं काय अप्रूप. पुढे.

मुद्दा चौथा: "खुराड्याला चिकन जाळी मारा, कोल्हा आत येऊच शकत नाही."

हा मुद्दा मला सगळ्यात महागात पडला म्हणून यावर जरा जास्त बोलते. चिकन जाळी म्हणजे ती षटकोनी भोकांची, हाताने वाकणारी, रोलमध्ये मिळणारी. ती कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे, बाहेरच्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही, नावामुळे सगळा घोटाळा होतो. आमच्या पाच कोंबड्या गेल्या त्या रात्री जाळी होती, नवीन होती, दुकानदाराने "एकदम मजबूत" म्हणून दिलेली. कोकणातल्या एका पावसात तिला गंज चढला आणि कुत्र्यांनी कोपऱ्याला तोंडाने धरून ओढली तर साडीच्या काठासारखी उसवत गेली. शिवाय मोठी भोकं असली की आत न शिरताही नुकसान होतं, कोंबडी जाळीला टेकून झोपते आणि बाहेरून पाय नाहीतर डोकं ओढलं जातं.

आता आम्ही वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली कडक जाळी, लावलीय, अर्ध्या इंची चौकोनाची, खाली पूर्ण आणि वर हवेसाठी सोडलेल्या जागेला पण. महाग आहे, खोटं नाही, म्हणून खुराडं लहान केलं. रात्री झोपायलाच तर जातात, दिवसभर रान मोकळं आहे. खाली जांभ्या चिऱ्याचा एक थर. आणि जाळी जमिनीपाशी संपवली नाही, बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी वळवून त्यावर दगड आणि माती टाकली. याचं कारण असं की उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरायला लागतो, दीड फूट मागे जाऊन बोगदा खणायचं त्याला सुचत नाही, पंजा जाळीला लागतो आणि तो नाद सोडतो. खोल चर खणून जाळी पुरण्यापेक्षा हे सोपं, आमच्या कातळात चर खणणार कोण.

दाराची लाकडी खिटी काढून टाका. पावसात फुगते, उन्हात आखडते, आणि नाकाने ढकलली तरी सरकते. लोखंडी कडी आणि तिच्यात अडकवायचा खिळा. वर कौलं असतील तर कौलाखाली जाळी, कारण उदमांजर छपरावरून येतं आणि एक कौल सरकवणं त्याला काहीच नाही. मुंगसाचं जिथून डोकं जातं तिथून अंग जातं, तेव्हा दाराखालची फट बोटांनी मोजून बघा. पण भीतीपोटी सगळं पत्र्याने बंद करू नका, आत विष्ठेचा वास कोंडतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, सर्दी धरते, मग कोल्ह्याऐवजी रोगाने जातात.

गावठी कोंबड्या झाडावर झोपतात, त्यांना खुराडं लागत नाही असं पण काही जण सांगतात. गावठी उडते, खरं आहे. गिरीराज, वनराजा या जड अंगाच्या, त्यांना फणसावर चढता येत नाही. आणि झाडावर रानमांजर चढतं. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, झोपलेली कोंबडी म्हणजे फांदीवर ठेवलेलं गाठोडं.

पाचवा, "अंगणात कुत्रा बांधा." बांधलेला कुत्रा भुंकणार, तुम्ही उठणार, पहिले चार दिवस. नंतर कुत्र्याच्या भुंकण्यात फरक राहत नाही आणि तुमच्या झोपेत पण. कुत्र्याचा उपयोग आहे, पण लहानपणापासून कोंबड्यांबरोबर वाढलेला असेल आणि मोकळा असेल तरच, नाहीतर तोच पहिली कोंबडी धरतो. आमच्या पाच मारल्या त्यातलं एक कुत्रं कोणाचं होतं ते मला माहितीय, भांडण नको म्हणून लिहीत नाही. आणि जुन्नर-अकोले बाजूच्या मंडळींना तर हा सल्ला देऊच नका, बिबट्याच्या भागात अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं.

सहावा मुद्दा वाचून मात्र हसू गेलं. "तारेत लाइटचं कनेक्शन द्या किंवा मटणात थिमेट घालून ठेवा." अरे काय. घरातल्या लाइनचा करंट तारेत सोडला की पहिला मरतो तो पहाटे बाहेर गेलेला माणूस, नाहीतर शेजाऱ्याचं वासरू. डुकरांसाठी सोडलेल्या अशा तारांनी माणसं गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. बाजारात झटका मशीन मिळतं, सोलरवर चालतं, ते क्षणाक्षणाला छोटे धक्के देतं, जीव घेत नाही, ते वेगळं आणि डायरेक्ट लाइन वेगळी. थिमेट म्हणजे फोरेट, पिकांवरच्या किडीचं जहाल विष, त्यावर देशात २०२० च्या ३१ डिसेंबरपासून बंदी आहे, आणि ते मटण कोल्हाच खाईल असा काही नियम नाही, तुमचं मांजर खाईल, घार खाईल, आणि त्या मेलेल्या प्राण्याला अजून कोणीतरी खाईल.

वर कायदा. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत गेला, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. मारलात तर कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, दंड पंचवीस हजारांपासून पुढे. त्यात कितीशे कोंबड्या आल्या ते तुम्हीच बघा. कोल्हा अंगावर आला, चावला तर मात्र जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि तडक रेबीजच्या इंजेक्शनला जा, कुत्र्यासारखाच त्याला पण तो रोग होतो.

सातवा, "कोल्हा भुकेसाठी नाही, हौसेसाठी मारतो, म्हणून त्याला संपवलाच पाहिजे." बंद खुराड्यात कोणी शिरला की सगळ्या मारतो हे होतं, नाकारत नाही. पण रानात एक धरली की बाकीच्या उडून जातात, तिथे प्रश्न मिटतो. खुराड्यात उडायला जागाच नाही, त्या फडफडत राहतात, आणि फडफडणारं दिसलं की तो धरतच राहतो. त्याला ठेवायला वेळ मिळाला तर उरलेलं पुरून ठेवतो आणि नंतर येऊन खातो. म्हणजे यात हौस नाही, आणि दोष धरायचाच तर आपण उघडी ठेवलेली फट आहे. एक कोल्हा संपवलात तर ती जागा रिकामी राहत नाही, महिन्या-दोन महिन्यात दुसरा येतो, आणि फट तिथेच असते.

भाच्याला मी एवढं सगळं टाईप करून पाठवलं तर त्याने अंगठा पाठवला आणि खाली, "मामी, पण मग मेसेज पुढे पाठवू का नको?"

आज संध्याकाळी मोजल्या तर तेवीस. चोवीसावी फणसावर बसलीय, ती रोजच बसते, कण्यांचा डबा वाजवला तरी मान वळवून बघते आणि परत डोळे मिटते. शिडी आणायला गेलेत हे.